कलमी पिच्चर: जुनं रॉक गाणं आणि आपला सिनेमा जोडायची रीत, नव्या मंडळांसाठी

गणपतीत आमच्या मंडपात गेली सहा वर्षं आम्ही एक खेळ करतो. एक जुनं इंग्रजी रॉक गाणं घ्यायचं, गावानं चार-चारदा पाहिलेला एक पिच्चर घ्यायचा, आणि दोन्ही जोडून कधीच न निघालेला तिसरा पिच्चर तयार करायचा. मग त्या तिसऱ्या पिच्चरची चार मिनिटांची जाहिरात स्टेजवर करून दाखवायची. बस, एवढाच खेळ. पण म्हातारी माणसं पोट धरून हसतात आणि पोट्टे दुसऱ्या दिवशी शाळेत तेच करून दाखवतात.

आमचा वरूड तालुका संत्र्याचा, म्हणून गावात याला 'कलमी पिच्चर' हे नाव पडलं. संत्र्याचं कलम कसं करतात ते पाहिलं असेल तर अर्धं काम समजलंच. जंबेरीचं, म्हणजे रानटी आंबट लिंबाचं, रोप (याला खुंट म्हणतात) पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला छेद देतात, त्यात चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, बसवतात आणि पट्टीनं घट्ट बांधतात. मुळं जंबेरीची, फळ संत्र्याचं. आपल्या खेळात खुंट म्हणजे पिच्चर, कारण तो इथल्या मातीत रुजलेला असतो. डोळा म्हणजे ते परदेशी गाणं. आणि सगळा जीव असतो तो दोघांच्या सांध्यात. हा सांधा कसा शोधायचा हे सांगायला आम्हाला कोणी नव्हतं. पहिली दोन वर्षं फुकट गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितो.

काय काय लागतं

- दोनशे पानी एक वही. मोबाईलवर लिहू नका, तालमीत सगळ्यांना एकदम दिसायला पाहिजे.
- गाणी ऐकायला एक मोबाईल आणि बऱ्यापैकी इअरफोन
- भजनी मंडळाची पेटी, ढोलकी आणि खंजेरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे आमच्या भागात खंजेरी मागायला दूर जावं लागत नाही.
- लाकडी फळ्या, दोन किंवा तीन. कशाला ते सहाव्या पायरीत सांगतो.
- पाच माणसं: एक निवेदक, तीन नट, एक वाजवणारा
- मंडळाच्या परवानग्यांच्या झेरॉक्स

१. आधी खुंट निवडा

नवीन पोरं नेहमी गाण्यापासून सुरुवात करतात, कारण गाणं त्यांचं लाडकं असतं. तसं करू नका. समोर बसलेल्या दीडशे माणसांपैकी ते गाणं ऐकलेली पाच असतील. पिच्चर मात्र सगळ्यांना पाठ पाहिजे. कसोटी सोपी आहे. पारावर बसलेल्या चौघांना विचारा, "त्या पिच्चरमधला एक सीन सांगा." चौघांनी वेगवेगळे सीन सांगितले तर खुंट जाड आहे, डोळा धरेल. एकच सीन सांगितला किंवा डोकं खाजवलं तर दुसरा पिच्चर पाहा.

'शोले', 'अमर अकबर अँथनी', 'अशी ही बनवाबनवी', 'श्यामची आई' हे आमचे हमखास खुंट.

२. मग डोळा निवडा

गाण्याचे शब्द लोकांना कळणार नाहीत, म्हणून गाण्यात यापैकी एक तरी गोष्ट पाहिजे: लगेच ओळखू येणारी चाल, हातापायांनी वाजवता येणारा ठेका, किंवा अर्ध्या मिनिटात सांगता येईल अशी गोष्ट. तिन्ही असतील तर सोनं.

'स्मोक ऑन द वॉटर' हे तसं सोनं आहे. १९७१ च्या डिसेंबरात डीप पर्पल हा इंग्लंडचा बँड रेकॉर्डिंगसाठी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला गेला होता. तिथल्या कॅसिनोत फ्रँक झापा या अमेरिकी रॉक कलाकाराचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जाळ उडवायची बंदूक, झाडली. कॅसिनो पेटला आणि धूर जिनिव्हाच्या सरोवरावर पसरला. त्या पाण्यावरच्या धुराचं गाणं झालं, १९७२ च्या अल्बमात आलं. ही हकिकत निवेदकानं साध्या भाषेत सांगितली की गाव कान टवकारतं, कारण लग्नाच्या मंडपात फटाका उडून पेंडॉल पेटल्याची गोष्ट आपल्याकडे प्रत्येकाजवळ असते.

३. सांधा शोधा

ही खरी पायरी. इथं आठ दिवस गेले तरी चालतील.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला पिच्चरमधल्या ठोस गोष्टी लिहा: जागा, वस्तू, काम, भांडण. उजव्या बाजूला गाण्यातल्या लिहा. 'मैत्री', 'प्रेम', 'दुःख' असे शब्द लिहायचे नाहीत, त्यांनी काहीही कशालाही जुळतं. 'टाकी', 'बिडी', 'घरमालकीण', 'छडी' असे शब्द लिहा. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच वस्तू सापडते का ते पाहा.

'शोले'च्या बाजूला आम्ही लिहिलं होतं: पाण्याची टाकी, वर चढलेला वीरू, खाली जमलेलं गाव, मौसी. गाण्याच्या बाजूला: आग, धूर, पाणी, पळणारे लोक. टाकी आणि पाणी एका ओळीत आले आणि आमच्या ढोलकीवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हंजे टाकीवरच धूर निंगाला!" तिथून पुढचं दहा मिनिटांत लिहून झालं. एक गडी लग्नासाठी रुसून ग्रामपंचायतीच्या टाकीवर चढतो. वर बसल्या बसल्या बिडी पेटवतो. खालच्यांना वाटतं टाकी पेटली. सगळं गाव बादल्या घेऊन धावतं, पण विझवायला पाणी पाहिजे, पाणी टाकीत, आणि टाकीचा व्हॉल्व्ह उघडायची चावी त्या गड्याच्या खिशात. नाव ठेवलं 'टाकीवरचा धूर'. लोक अजूनही त्याची फर्माईश करतात.

हा झाला सरळ सांधा: एकच वस्तू दोन्हीकडे. दुसरा असतो उलटा सांधा. ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'मध्ये थकलेला वाटसरू रात्री एका हॉटेलात शिरतो आणि मग तिथून त्याला निघताच येत नाही. 'अशी ही बनवाबनवी'त बरोबर उलटं: बिचाऱ्यांना खोलीच मिळत नाही, मालकीणबाईंना जोडपी पाहिजेत म्हणून दोघांना साडी नेसावी लागते. दोन्ही टोकं बांधली की तिसरी गोष्ट तयार होते. अशी एक मालकीण, जी खोली द्यायला सहा महिने लावते, आणि एकदा दिली की कोणाला सोडत नाही. भाडेकरू सामान बांधतो, ती जेवायला थांबवते. तो पहाटे पळायला निघतो, ती दारात चहा घेऊन उभी. साडी नेसलेला गडी खरोखरचं सासर असल्यासारखा डोळे पुसत परत आत जातो. आम्ही त्याला 'बनवाबनवी लॉज' म्हटलं. उलटा सांधा जमवायला कठीण, पण हसू जास्त वेळ टिकतं.

आता न धरलेल्या डोळ्याबद्दल. दुसऱ्या वर्षी मी हट्टानं लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' आणि 'पिंजरा' जोडला. गाणं १९७१ चं, पिच्चर १९७२ चा, दोन्ही मला जिवापाड आवडतात. यापलीकडे दोघांत काहीच समान नव्हतं. गाणं आठ मिनिटांचं, त्यात ड्रम यायलाच चार मिनिटं लागतात. मंडपात तोवर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्याहून वाईट म्हणजे पिच्चरमधल्या मास्तरच्या अधोगतीवर आम्ही विनोद केले आणि पहिल्या रांगेत आमचे निवृत्त गुरुजी बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून दोन नियम पाळतो. नुसतं साल जुळलं म्हणजे सांधा जुळला असं धरायचं नाही. आणि ज्या माणसाला गाव मान देतं त्याच्या पडण्यावर हसवायचं नाही.

४. नाव असं ठेवा की नावातच दोन्ही दिसावेत

नाव ऐकताक्षणी लोकांना पिच्चर ओळखू आला पाहिजे आणि काहीतरी बिघडलंय हेही कळलं पाहिजे. चार-पाच शब्दांचं नाव नको. पिंक फ्लॉइडचं १९७९ चं 'अनदर ब्रिक इन द वॉल' आणि आचार्य अत्र्यांचा १९५३ चा 'श्यामची आई' यांचं कलम आम्ही 'श्यामची भिंत' या नावानं केलं. गाण्यात लंडनच्या शाळेतली खरी पोरं कोरसला आहेत, आम्हाला शिकवू नका म्हणून ओरडतात. आमच्या खेळात पोरं शाळेच्या दाराशी विटांची भिंत रचतात, आणि पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला फोकानं विहिरीकडे पिटाळणारी आई तोच फोक घेऊन भिंतीपाशी येते. भिंत पडते. हे तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या सणाला, लहान पोरांकडून करून घ्या, फार गोड होतं. आधी शाळेतल्या सर-मॅडमना वाचून दाखवा, म्हणजे गैरसमज राहत नाही.

५. जाहिरात लिहा, आणि शेवट झडतीनं करा

चार मिनिटांची वाटणी आमची ठरलेली आहे. अर्धा मिनिट गाण्याची खरी हकिकत. मग अर्धा मिनिट पेटीवर त्याची चाल. मग तीन छोटे सीन, मिळून अडीच मिनिटं. उरलेल्या अर्ध्या मिनिटात झडती.

झडती विदर्भाबाहेरच्यांना माहीत नसेल. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की गावातले हजरजबाबी लोक जोड्या-जोड्यांनी टोमणे मारत जे पद्य म्हणतात ती झडती. पाटलापासून सरकारपर्यंत कोणाला सोडत नाहीत. तिचा शेवट सगळ्या गावाला पाठ असतो, त्यामुळे शेवटची ओळ प्रेक्षकच म्हणतात. कलमी पिच्चरचा शेवट करायला याच्याइतकी चांगली युक्ती मला सापडलेली नाही. 'टाकीवरचा धूर'ची आमची झडती अशी:

टाकीवर चढला गडी, हातामंदी बिडी
खाली सारं गाव जमलं, कोनी आनली शिडी
शिडीले नाई पायरी, नळाले नाई पानी
धूर पाहून पान्यावरचा रडाले लागली नानी
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

झडती आपल्या बोलीतच लिहा. निवेदन प्रमाण मराठीत चाललं तरी हरकत नाही, पण झडतीत 'शिडीला' लिहिलंत की ती पुस्तकी वाटते. गावातल्या माणसाच्या घरची गोष्ट, जात, कर्ज, लग्न मोडणं यातलं काही झडतीत आणू नका. टाकी, रस्ता, विजेची डीपी, एसटी हे विषय भरपूर आहेत.

६. चाल आणि ठेका गावच्या वाद्यांवर बसवा

इथं नवे लोक मूळ गाणं मोबाईलवरून लावतात. करू नका. एक तर लोकांना इंग्रजी शब्द ऐकू येतात आणि ते परके होतात. दुसरं, नंतर व्हिडिओ टाकलात तर मूळ रेकॉर्डिंग आपोआप ओळखलं जातं आणि आवाज बंद होऊ शकतो. स्वतः वाजवा.

'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात पेटीवर बसवायला चार सूर लागतात: सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म. क्रम असा: सा ग म, सा ग म(तीव्र) म, सा ग म ग सा. आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांनी दोनदा ऐकून वाजवलं आणि म्हणाले, "हे त सोपं हाय." तीव्र मध्यमावर रेंगाळू नका, लगेच शुद्धवर उतरा, गंमत त्या उतरण्यात आहे.

ठेक्यासाठी क्वीनचं 'वी विल रॉक यू' घ्या. हे १९७७ चं, आणि 'अमर अकबर अँथनी'ही १९७७ चाच. इथं मात्र साल निव्वळ योगायोग, सांधा दुसराच आहे. ठेका असा: धप, धप, टाळी, आणि मग एक रिकामी मात्रा. तीन आवाज, तीन भाऊ. अमर, अकबर, अँथनी. आम्ही त्याचं नाव 'अमर अकबर टाळी' ठेवलं. तिघं एका रांगेत उभे राहतात, पहिला पाय आपटतो, दुसरा आपटतो, तिसरा टाळी देतो.

सगळ्यांची चूक चौथ्या मात्रेवर होते. ती रिकामी आहे म्हणून खाऊन टाकतात आणि ठेका पळायला लागतो. आमचाही पळायचा. मग एका पोरानं सुचवलं की चौथी मात्रा आईला द्या. पिच्चरमध्ये आईला दिसेनासं होतं आणि तीन पोरं तिच्या अवतीभवती असून तिला सापडत नाहीत. मग आम्ही चौथ्या मात्रेवर आईला फक्त मान वळवायला लावली. धप, धप, टाळी, मान. दर वेळी ती चुकीच्या दिशेला पाहते. ठेका कधी चुकला नाही आणि मंडप पडायचा बाकी राहिला.

आता फळ्यांचं. तिसऱ्या वर्षी ऐन कार्यक्रमात पाऊस आला आणि वीज गेली. माईक बंद, पेटी भिजेल म्हणून झाकलेली. आम्ही म्हटलं, पायांनी तर वाजवू. पण भादव्यातला चिखल. पाय आपटला की धप होत नाही, पचक होतं, आणि पाय काढताना चप्पल आतच राहते. तेवढ्यात एकानं मंडपामागून सेंट्रिंगच्या दोन फळ्या ओढून आणल्या, विटांवर टेकवल्या. त्यावर पहिला पाय पडला आणि असा आवाज निघाला की मागे उभ्या असलेल्या बायाही टाळीला लागल्या. टॉर्चच्या उजेडात, बिनमाईकचं, आमचं आजवरचं सगळ्यात चांगलं सादरीकरण तेच. मागून वाचनात आलं की क्वीनच्या लोकांनीही तो आवाज लाकडी फळ्यांवर पाय आपटूनच रेकॉर्ड केला होता, थरावर थर चढवून. मूळ गाण्यातही गिटार अगदी शेवटी येते, तोवर फक्त पाय, टाळ्या आणि गळा. म्हणून फळ्या आधीच आणून ठेवा, खाली पोकळी राहील अशा विटा लावा, आणि खिळे वर आलेले नाहीत ना ते हात फिरवून पाहा.

७. तालीम

पोळा ते गणपती मधे चार-पाच दिवसच असतात. म्हणून लिखाण श्रावणात संपवा, पोळ्याच्या झडत्या ऐकायला वही घेऊन जा, आणि उरलेल्या दिवसांत रोज तासभर तालीम करा. जेवणं झाल्यावर, नऊच्या सुमारास सगळे मोकळे असतात. पहिली तालीम वाचूनच करा. दुसरीला गावातल्या एका आजीला आणि एका दहा वर्षांच्या पोराला समोर बसवा. दोघंही जिथं हसत नाहीत तो सीन काढून टाका, कितीही लाडका असला तरी.

८. परवानग्या

मंडळाच्या मंडपात करत असाल तर वेगळं काही लागत नाही, पण हे तपासा:

- पोलीस ठाण्याची कार्यक्रमाची आणि लाऊडस्पीकरची परवानगी. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. कोणत्या दिवशी १२ पर्यंत सवलत आहे ते जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात असतं, त्याची प्रत ठाण्यात मिळते.
- जागा ग्रामपंचायतीची असेल तर ना हरकत पत्र
- मंडपाची तात्पुरती वीजजोडणी. आकडा टाकू नका, पावसाळ्यात जीवावर बेततं.
- तिकीट लावू नका. कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळानं बिनतिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. तिकीट लावलंत की ही सूट गेली.

९. स्टेजवर

निवेदकानं गाण्याचं नाव एकदाच, सावकाश घ्यावं. नंतर त्याला मराठी नावानंच बोलवावं: 'धुराचं गाणं', 'धप-धपचं गाणं'. पिच्चरचं नाव प्रेक्षकांकडून वदवून घ्या. "टाकीवर कोण चढलं होतं?" असं विचारलं की मंडप एका आवाजात उत्तर देतो, आणि तिथून पुढं खेळ त्यांचा होतो. हशा चालू असताना पुढचं वाक्य बोलू नका, नाहीतर ते वाया जातं. नटांनी स्वतः हसायचं नाही. 'टाकीवरचा धूर'मधला गडी खरोखर लग्नासाठी रडकुंडीला आलेला दिसला पाहिजे.

पहिल्या वर्षी एकच करा, आणि शक्यतो 'अमर अकबर टाळी'सारखं ठेक्याचं, कारण त्यात पाठांतर कमी. कार्यक्रम संपला की त्याच रात्री वहीत टिपा: कुठे हसले, कुठे खोकले, कोण मधेच उठलं. सकाळपर्यंत विसरतं. आमच्या वहीत तिसऱ्या वर्षाच्या पानावर अजून चिखलाचा डाग आहे आणि खाली एवढंच लिहिलंय: पुढल्या वर्षी फळ्या तीन आणायच्या.